पाडव्याचं करारफल

लखनौच्या मराठी मंडळात मोघे दोन. एक दातांचे डॉक्टर आणि दुसरे करारवाले. या करारवाल्या चंद्रहास मोघ्यांनी स्वतः आयुष्यात एकही करार धड केलेला नाही. आलमबागेतला फ्लॅटसुद्धा बायकोच्या, विनयाताईंच्या नावावर, आणि साक्षीदार म्हणून सही कुठे ठोकायची तेही त्यांनीच बोट ठेवून दाखवलेलं. पण येत्या वर्षात आपला देश कुठल्या देशाशी व्यापाराचा करार करणार, हे ओळखण्यात मोघ्यांचा हात धरणारा मंडळात कुणी नाही. मंडळाबाहेर असेल असं त्यांना स्वतःला वाटत नाही. ते तसं बोलून दाखवत नाहीत एवढंच, चेहऱ्यावर मात्र लिहिलेलं असतं.

त्यांची सगळी नोकरी परदेशी व्यापाराच्या सरकारी कचेरीत गेली, थोडी कानपुरात आणि बाकीची इथे. वाटाघाटी दिल्लीचे साहेब करायचे, मोघे इथे बसून त्यांची पत्रकं वाचायचे. वाचता वाचता त्यांना एक गोष्ट उमगली. ती त्यांना दिल्लीने शिकवली नव्हती, साताऱ्याच्या आत्याने शिकवली होती. आत्या लग्नं जुळवायची. ती म्हणायची, याद्या करायला बसल्यावर जो पक्ष ‘आमचं काही म्हणणं नाही हो, सगळं छान आहे’ म्हणतो, त्याच्या दारात मंडप पडत नाही. जो विहिणीच्या लुगड्याच्या काठावरून अडून बसतो, त्याच्याकडे अक्षतांना यायची तयारी करा. ज्याला मुलगी न्यायचीच नाही तो कशाला काठ बघत बसेल? मोघ्यांनी हाच नियम देशांना लावला. पत्रकात ‘अत्यंत सौहार्दपूर्ण वातावरणात व्यापक चर्चा’ असं आलं की ते त्या देशावर काट मारायचे. ‘चीजच्या नावावरून आणि खोक्यांवरच्या चिकटपट्टीवरून मतभेद कायम’ असं आलं की म्हणायचे, झालं, आता वाजंत्री सांगा. आणि बहुतेक वेळा वाजंत्री वाजायची.

मंडळात पाडव्याला सकाळी बाबुराव पंचांग वाचतात. पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण. एका वर्षी कुणीतरी गमतीने म्हणालं, मोघे, तुमचंही होऊन जाऊ द्या. मोघे उभे राहिले ते आजतागायत बसले नाहीत. संवत्सरफलाच्या मागोमाग मोघ्यांचं करारफल, ही आता मंडळाची रीत झाली आहे. जुना सरकारी माणूस, म्हणून देशांची नावं ते घेत नाहीत. तेलवाले, लोकरवाले, बेटवाले अशी त्यांनीच ठेवलेली नावं चालतात. लोक हसतात, पण ऐकतात. रेल्वेतले इंजिनियर, संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ, सगळे शिकलेसवरलेले लोक कडुनिंबाची गोळी चघळत गंभीर चेहऱ्याने ऐकतात.

या रीतीत एक पोटनियम होता. पाडव्याच्या दिवशी अशुभ बोलायचं नाही. बाबुरावसुद्धा दुष्काळाचं पान पटकन उलटतात. म्हणून ज्यांच्याशी करार होणार नाही त्या देशांचा मोघे उल्लेखच करत नसत. ज्याचं नाव आलं नाही त्याचं काय समजायचं ते ज्याचं त्याने समजावं.

यंदा त्यांनी बेटवाल्यांचं नाव घेतलं नाही. बेटवाल्यांची पत्रकं म्हणजे नुसता साखरेचा पाक होता. कुणी कशावर अडलेलं नाही, कुणी काही मागितलेलं नाही. मोघ्यांनी मनात केव्हाच काट मारली होती. वाचन संपलं, लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून कांचन उभी राहिली.

कांचन ही अभिजितची बायको. अभिजित रेल्वेत इंजिनियर, मोघ्यांचा शेजारी आणि त्यांच्याहून दहाबारा वर्षांनी धाकटा मित्र. ऐन चाळिशीत हृदयाच्या झटक्याने गेला. मागे ही बाई आणि शाळेत जाणारी मुलगी. अनुकंपेवर कांचनला रेल्वेच्या कचेरीत नोकरी मिळाली, त्या नोकरीवर तिने घर ओढलं, मुलीला शिकवलं आणि जानकीपुरमला लहानसं घर घेतलं. पक्की नोकरी म्हणजे काय हे तिला जितकं कळतं तितकं अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना कळत नसेल. आणि जगात कुणाचा शब्द ती पडताळून बघत नसे, तर तो मोघ्यांचा. दूधवाल्यापासून खासदारापर्यंत सगळ्यांना ती दोनदा विचारी. मोघ्यांना एकदाच.

तिने भर सभेत विचारलं, भाऊजी, बेटवाल्यांचं राहिलं. ते आंब्याच्या आधी सही करणार की नाही?

उठणारे लोक पुन्हा बसले. तिच्या शेजारी बसलेली तिची मुलगी मंजिरी खाली मान घालून फोन बघत होती. मोघ्यांच्या जिभेवर अजून कडुनिंबाची चव होती. समोर झेंडूची माळ घातलेली गुढी, नव्या साड्या, नवे सदरे, आणि सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे. ‘नाही’ हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. वर्षाच्या पहिल्या दिवशी, विधवा बाईच्या तोंडावर, कसं म्हणायचं?

“योग आहे,” मोघे म्हणाले. “आंब्याच्या आधी होईल.”

टाळ्या पडल्या. कांचन बसली. मोघ्यांनी श्रीखंड जरा जास्तच घेतलं.

एप्रिलच्या शेवटी कांचन पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात आली तेव्हा ते सगळं विसरलेही होते. मंजिरी जानकीपुरमच्या सरकारी औषध संशोधन केंद्रात कायमच्या जागेवर होती. तिने राजीनामा दिला होता. मलिहाबादला कुणा नफीस मियाँनी आंबा परदेशी पाठवण्यासाठी नवं पॅकहाउस उभं केलं होतं, फळ धुणं, निवडणं, तपासणं, खोक्यात भरणं. तिथे फळांच्या तपासणीची सगळी जबाबदारी मंजिरीवर येणार होती. बेटवाल्यांनी सही केली की तिकडची जकात उतरणार, मलिहाबादचा दशहरी आंबा विमानाने जाणार आणि पोरीचं नशीब उघडणार. कांचनने हे सगळं एका दमात सांगितलं. मग पेढा मोघ्यांच्या हातावर ठेवून म्हणाली, “भाऊजी, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी पोरीला दार लावून घरात बसवलं असतं. तुम्ही भर सभेत बोललात, म्हणून हो म्हटलं.”

मोघ्यांनी पेढा तोंडात टाकला. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. खरं बोलणं पहिल्या मिनिटाला जेवढं सोपं असतं तेवढं पुढे कधीच राहत नाही, ही काही फार खोल गोष्ट नव्हे, पण मोघ्यांसारख्या हुशार माणसाला ती त्या मिनिटाला सुचली नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, राजीनामा मंजूर झाला का? कांचन म्हणाली, महिन्याची नोटीस आहे, मे संपेपर्यंत जाईल ऑफिसात. तोवर मागे घेता येतो म्हणे, पण घेतंय कोण.

ती गेल्यावर विनयाताईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात या बघण्याचे अनेक प्रकार झाले होते. हा त्यातला वाईट प्रकार होता.

मग मोघ्यांचा मे महिना सुरू झाला. शत्रूवरही येऊ नये असा. सकाळी उठलं की चष्मा लावून संगणकासमोर. बेटवाल्यांचं नवं पत्रक आलं का, त्यांच्या वर्तमानपत्रात काही आलं का. आयुष्यभर त्यांनी भांडणं शोधून भाकितं केली होती, आता भाकित खरं व्हावं म्हणून ते भांडण शोधत होते. भांडा रे बाबांनो, ते मनात म्हणायचे, कशावरून तरी भांडा. तांदळावरून भांडा, बुटांवरून भांडा, निदान एखादं खोकं परत पाठवा. पण बेटवाले कमालीचे सज्जन निघाले. त्यांचा मंत्री येऊन हसून गेला. आपला मंत्री जाऊन हसून आला. पत्रकात पुन्हा सौहार्द. मोघ्यांना त्या शब्दाचा इतका तिटकारा आला की शेजाऱ्याने ‘सलाम साहब, सब बढ़िया?’ म्हटलं तरी ते चरफडायचे.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सांगावं, तर सगळ्या मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि मंडळाचं एक वेळ राहू दे, कांचनच्या पुढे उभं कसं राहायचं? न सांगावं, तर पोरीची पक्की नोकरी आपल्या एका शब्दाने जाणार. जकात उतरली नाही, नफीस मियाँचा बेत फसला, तर ती कुठे जाणार? ज्या नोकरीसाठी तिच्या आईने जन्म घालवला, तसली नोकरी पुन्हा मिळत नसते. रात्रीचं जेवण त्यांच्या पानात तसंच राहायला लागलं. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवेना, म्हणून एके दिवशी दोनदा घेतली गेली. शेवटी विनयाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या की एकदा जाऊन पोरीला सांगून या, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर माझ्या पद्धतीने सांगेन.

मोघ्यांनी मंजिरीला फोन केला. भेटायचंय म्हटल्यावर ती म्हणाली, रविवारी मलिहाबादला असते, तिकडेच या. आवाज नेहमीसारखा मोकळा. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून देशांची नावं ऐकणारी ती मुलगी होती.

रविवारी ते दुबग्ग्यापर्यंत ऑटोने गेले आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीने बसून मलिहाबादला. लू सुटली होती, तिकडचा तो भाजून काढणारा वारा. तोंडावर ओला पंचा धरून ते सगळ्या रस्ताभर वाक्यं जुळवत होते. ‘माझी चूक झाली’ हे वाक्य त्यांनी निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून बघितलं, एकही तऱ्हा बरी वाटेना. दोन्हीकडे आमराया, आणि झाडांवर आंब्यांना कागदी पिशव्या बांधलेल्या. डाग पडू नये म्हणून परदेशी पाठवायच्या फळाला अशी पिशवी घालतात. शिड्या लावून बायका त्या बांधत होत्या. तेवढ्या पिशव्या बघून मोघ्यांचा धीर आणखी खचला. हे सगळं बेटवाल्यांसाठी, आणि बेटवाले तर येतच नाहीत.

नफीस मियाँनी अदबीने पन्हं दिलं, ‘आप ही की दुआ से हो रहा है जनाब’ असं म्हणून आणखी एक घाव घातला आणि ते बागेकडे निघून गेले. मंजिरी पांढऱ्या फरशीच्या खोलीत धुण्याच्या हौदापाशी उभी होती, डोक्यावर टोपी, हातात कच्ची कैरी आणि सुरी. मोघ्यांनी जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही.

“मंजिरी, बेटवाले सही करणार नाहीत.”

“पता है, काका.”

त्यांना वाटलं, हिला कळलं नाही. ते पुन्हा सांगायला लागले, पत्रकं, सौहार्द, पाडवा, आपली जीभ कशी अडली ते. मंजिरीने सुरी खाली ठेवली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मराठी तिला सगळी कळते, पण जड काही बोलायचं असलं की ती हिंदीत शिरते.

“काका, याद्यांची गोष्ट मैं बचपन से सुन रही हूँ. चीज, चिकटपट्टी, लुगडं, सब. वो प्रेस नोट मैंने भी पढ़े हैं. एक भी झगड़ा नहीं है उनमें.”

“मग राजीनामा कशाला दिलास?”

कारण तिला जायचं होतं. बेटवाले येवोत न येवोत. तिने शांतपणे सांगितलं की केंद्रात ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांचे नमुने मोजते आहे आणि निवृत्त होईपर्यंत तेच मोजेल. इथे फळ झाडावरून उतरल्यापासून विमानात चढेपर्यंत तिच्या हाताखालून जाणार. नफीस मियाँचा माल आखातात जाईल, दिल्लीला जाईल, बेटवाल्यांवर त्यांची भिस्त कधीच नव्हती. त्या पिशव्या आखाताच्या मालासाठी आहेत. चालेल, बुडेल, जे होईल ते होईल, पण ते तिचं तिने केलेलं असेल. आईला मात्र हे कुठल्याही भाषेत सांगता येण्यासारखं नव्हतं. आईला पक्कं काहीतरी हवं होतं. सरकारने सही केलेलं, शिक्का मारलेलं.

“आई सिर्फ़ आपकी सुनती है,” मंजिरी म्हणाली. “इसलिए मीच तिला सांगितलं, पाडव्याला सगळ्यांसमोर विचार. मुझे पता था, पाडवे के दिन आप ना नहीं बोलेंगे.”

मोघे तिच्याकडे बघत राहिले. इतक्या देशांचं मन ओळखणाऱ्या माणसाला या कालच्या पोरीने हातोहात ओळखलं होतं. दिवस बघून, सभा बघून, चव बघून. त्यांना आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. कानशिलं तापली.

“माझा शब्द वापरलास तू.”

“हाँ,” ती म्हणाली. “और कुछ था ही नहीं मेरे पास.” तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत.

मग तिने हात धरून विनवलं. नोटीस संपायला आता थोडेच दिवस उरलेत, तोवर आईला कळू देऊ नका. आताच कळलं तर आई राजीनामा मागे घ्यायला लावेल, जेवण सोडेल, रडेल, आणि मला नाही म्हणता येणार नाही. एकदा इथे रुजू झाले की मीच सांगेन. शपथ. मोघे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला तिने होकार मानलं आणि खाली वाकून पाया पडली. परतीच्या जीपमध्ये त्यांना कळेना की आपण सुटलो की आणखी अडकलो. आगीतून उठून फुफाट्यात पडलो हे त्यांना दुबग्गा आल्यावर कळलं. आतापर्यंत ते फक्त चुकले होते. आता ते सामील झाले होते.

विनयाताईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण कांचनला हे कळलं ना, तर तिला नोकरीचं दुःख होणार नाही. मुलीने आपल्याला फसवलं याचं होईल. ते तिच्याने सोसवायचं नाही.

दिवस सरकत होते. नोटीस संपायला अगदी थोडे उरले असताना एका संध्याकाळी कांचन कचेरीतून परस्पर त्यांच्याकडे आली. येताना खूश होती. दुपारीच टीव्हीवर दाखवलं म्हणे, बेटवाल्यांचं शिष्टमंडळ दिल्लीत होतं, काय हसत होते सगळे, किती छान वातावरण. आता सहीला वेळ लागत नाही. मोघे खुर्चीत आणखी आत सरकले. विनयाताईंनी चहा ठेवला.

चहा येईपर्यंत कांचनने दुसरी बातमी काढली. इंदूरला तिची बहीण पद्मा असते. पद्माचा वरद तिथे बँकेत आहे, कंटाळलाय. कांचनने ठरवलं होतं की त्यालाही मलिहाबादला बोलवायचं, नफीस मियाँना हिशेबाला माणूस हवाच आहे. पद्मा घाबरते आहे, बँक सोडायची म्हणून. पण मी तिला म्हटलं, थांब, मी भाऊजींना समोर बसवते आणि तिथूनच फोन लावते, त्यांच्या तोंडून ऐक म्हणजे तुझी खात्री पटेल. हे बोलता बोलता तिने पर्समधून फोन काढला. पद्माचं नाव शोधलं. विनयाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

मोघ्यांना मंजिरी पाया पडलेली दिसत होती. आणखी थोडे दिवस, एवढंच तर मागितलं होतं तिने. पण इंदूरचा वरद बँकेतून उठून येणार, आणि त्याच्या आईला आपण फोनवरून सांगणार, होईल, योग आहे. आज पाडवा नव्हता. जिभेवर कडुनिंब नव्हता. समोर फक्त कांचन होती, फोन कानाला लावत असलेली.

“कांचन, ठेव तो फोन.”

तिने फोन खाली घेतला.

“सही होणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षीही बहुतेक नाही. मला पाडव्यालाच माहीत होतं.”

कांचनला आधी त्या शब्दांचा अर्थ नीट लागलाच नाही. ती म्हणाली, पण तुम्ही तर वाचलंत. मोघे म्हणाले की वाचलं नव्हतं. यादीत बेटवाले नव्हतेच. तू उठून विचारलंस, सगळे बघत होते, सणाच्या दिवशी नाही म्हणवेना, म्हणून तोंडाला आलं ते बोललो. पेढे घेऊन आलीस तेव्हाही बोललो नाही. सगळी चूक माझी. त्यांनी एकही सबब पुढे केली नाही, आणि हे त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेलं ते विनयाताईंनाच कळलं.

कांचन हातातल्या फोनकडे बघत बसली. पडदा काळा झाला तरी ती बघतच होती. चहावर साय धरली. मग तिने मान वर केली आणि विचारलं, “मंजिरीला माहीत होतं?”

विनयाताईंनी दाराची चौकट धरली. मोघ्यांनी कांचनच्या डोळ्यांत बघितलं. ज्या बाईला त्यांनी आत्ताच, उशिरा का होईना, खरं सांगितलं होतं, तिला पुन्हा काय सांगायचं? खरं सांगितलं तर ही आजपासून मुलीकडे या डोळ्यांनी बघणार. आपल्याकडे बघते आहे त्या डोळ्यांनी.

“नाही,” मोघे म्हणाले. “तिला काही माहीत नव्हतं. माझ्यावर भरवसा ठेवला तिने. तुझ्यासारखाच.”

आणि मग ते बोलत सुटले. मी मलिहाबादला जाऊन आलोय, काम बघितलंय, पोरगी तिथे खूश आहे, करार नसला तरी माल आखातात जातो, तिला अडवू नको. राजीनामा मागे घ्यायला लावलास तर नोकरी राहील, पोरगी राहायची नाही. ते इतकं अजिजीने कधी कुणाशी बोलले नव्हते. कांचनने सगळं ऐकून घेतलं.

“नाही अडवणार,” ती म्हणाली. “ती तिच्या बापावर गेलीय, अडवून थांबणारी नाही.” मग जरा थांबून तिने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. “अभिजित गेला ना भाऊजी, त्या दिवशी हॉस्पिटलात सगळे मला काहीबाही सांगत होते. शुद्ध येईल, मोठ्या डॉक्टरांना बोलावलंय, देवाचं नाव घ्या. तुम्ही एकटे बाजूला घेऊन म्हणालात, कांचन, तो गेलाय. आता पोरीला बघ. त्या दिवसापासून तुम्ही काही सांगितलं की मी दुसऱ्याला विचारायचं सोडून दिलं होतं. फार बरं वाटायचं. एक तरी माणूस आहे असा.”

ती रडली नाही. तिने गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला, कप स्वतः आत नेऊन विसळला, विनयाताईंना ‘येते’ म्हणाली. मोघ्यांनाही म्हणाली. ते दारापर्यंत तिच्या मागे गेले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी सांगितलं की पुढचा रस्ता खोदून ठेवलाय, मागच्या गल्लीने गेलीस तर थेट मेट्रोच्या जिन्यापाशी निघशील. तिने बरं म्हणून मान हलवली आणि ती खाली उतरली.

मोघे गॅलरीत येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. खाली कांचन फाटकापाशी आली. मागच्या गल्लीकडे वळली, दोन पावलं गेली आणि परत फिरली. खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनपुढे ती उभी राहिली.

“भैया,” तिने विचारलं, “मेट्रो के लिए पीछे वाली गली से रास्ता है ना?”

वॉचमन हो म्हणाला, तेव्हा ती निघाली.